फौजीच्या घरातल्या बाईची आठवण कशी नोंदवावी

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणपट्टीत गावोगाव भिंतीवर पलटणीचा फोटो लटकलेला दिसतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. फोटोतला माणूस कुठल्या बटालियनमध्ये होता, कुठं लढला, काय पदक मिळालं, हे घरातलं लहान पोरही सांगतं. त्या वर्षीची पेरणी त्याच्या बायकोनं कुणाच्या बैलांवर केली, हे मात्र तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं, आणि तिला ते कुणी विचारलेलं नसतं.

१९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धं लग्न झालेल्या वयात पाहिलेल्या बायका आज सत्तरी ओलांडून नव्वदीपर्यंत पोचल्या आहेत. नातवंडं, शिक्षक, गावाचा इतिहास लिहिणारी मंडळी, कुणालाही त्यांच्या आठवणी नोंदवता येतील. खर्च फारसा नाही. पद्धत चुकली तर मात्र दोन तासांच्या रेकॉर्डिंगमधून नवऱ्याच्या पराक्रमापलीकडे काही हाती लागत नाही, आणि दुसरी बैठक मिळेलच याची खात्री नसते.

आधी कागद, मग गप्पा

बोलायला बसण्याच्या आधी एक फेरी फक्त कागदांसाठी करा. घरात बहुधा एक लोखंडी ट्रंक असते. तिच्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, मनीऑर्डरच्या पावत्या, आंतरदेशीय पत्रं, पदकं आणि एखादा स्टुडिओतला फोटो निघतो. पीपीओवर सैनिक क्रमांक, भरतीची आणि निवृत्तीची किंवा मृत्यूची तारीख मिळते. त्या तारखा वहीत उतरवून घ्या. पुढं आठवणींचा घोटाळा झाला की याच कामी येतात.

पत्रांवर ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असा पत्ता दिसेल. हे गावाचं नाव नाही, फौजेच्या टपालाची खूण आहे. उत्तर आणि पश्चिम सीमेकडचं टपाल दिल्लीहून ५६ मधून जातं, पूर्वेकडचं कोलकात्याहून ९९ मधून. पत्रात जागेचा उल्लेख नसला तरी माणूस कुठल्या अंगाला होता, याचा अंदाज यावरून बांधता येतो. शिक्का पुसट असेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पाहा, तारीख बऱ्याचदा निघते.

फोटो काढताना पत्र उंबरठ्याजवळ, उजेडात पण उन्हात नाही, असं ठेवा. फ्लॅश नको. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. आंतरदेशीय पत्राच्या सगळ्या घड्या आणि पाठ, दोन्ही टिपा. बायकोसाठीची ओळ कित्येकदा चिकटवायच्या पट्टीच्या आतल्या बाजूला दाटीवाटीनं लिहिलेली असते. स्कॅनर मिळाला तर पत्रांना ३०० आणि छायाचित्रांना ६०० डीपीआय ठेवा. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो, आणि लॅमिनेशन उलटवता येत नाही. कागद त्याच घरात राहू द्या. ‘झेरॉक्स काढून आणून देतो’ म्हणून नेलेली पत्रं परत न आल्याची तक्रार फार घरांतून ऐकू येते.

दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या माणसाचं घर असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन नोंद शोधा. तिथं पुष्कळ भारतीय शिपायांच्या नावाखाली आईबापांचं, बायकोचं आणि गावाचं नाव दिलेलं आहे. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं नाव छापील कागदावर फक्त इथंच सापडतं. स्पेलिंग साहेबाच्या कानानं लिहिलेलं असतं, म्हणून जाधव ‘जाधाओ’, पवार ‘पोवार’ असं फिरवून फिरवून शोधा. आडनावानं नाही सापडलं तर नुसत्या नावानं, आणि तेही नाही जमलं तर सैनिक क्रमांकानं.

नाव, नातं, हाक

जुन्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ‘हे’, ‘मालक’, ‘पोरांचे बा’ असंच म्हणते. नाव कागदावरून घ्या किंवा मुलाला विचारा. गंमत म्हणून ‘उखाण्यात घ्या की आजी’ असं चुकूनही म्हणू नका. नवरा गेलेल्या बाईला ते जिव्हारी लागतं.

तिची स्वतःची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. भरतीच्या वेळच्या कागदात एक, पेन्शनच्या कागदात दुसरं आणि आधारवर तिसरंच असं असतं, आणि पुढं वाचणाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. सरकारी भाषेत तिला वीरनारी म्हणतात, गावात वीरपत्नी, जुन्या कागदांत नुसतं विधवा. ती स्वतःला काय म्हणते ते ऐका आणि तेच वापरा. नवरा १९७१ पासून बेपत्ता असेल तर यातला एकही शब्द तुमच्या तोंडून निघू नये. अशा घरात कुंकू ठेवायचं की पुसायचं, यावरून कित्येक वर्षं वाद चाललेला असू शकतो.

हाक गावच्या रीतीनं: आजी, काकी, मावशी, वहिनी. तुम्ही नात्यातले असाल तर रोजचीच हाक ठेवा. ‘मॅडम’ म्हटलं की ती सभेत बोलल्यासारखं बोलायला लागते.

कोण कुठं बसणार

बहुतेक बैठका इथंच बिघडतात. दीर किंवा मुलगा शेजारी येऊन बसतो, ‘तिला काय ठाऊक, मी सांगतो’ म्हणतो आणि लढाईचा वृत्तांत सुरू होतो. तो चुकीचा वागत नसतो. आजवर आलेल्या प्रत्येकानं त्यालाच विचारलेलं असतं. म्हणून दोघांनी जा. एकानं ओसरीवर बसून पुरुषांकडून पलटणीची माहिती मनापासून, वेगळ्या वहीत घ्यावी. दुसऱ्यानं, शक्यतो बाईनं, आत किंवा परसात आजीजवळ बसावं. सून किंवा लेक जवळ असली तर बरंच असतं, कारण आजी तिच्याकडे बघून बोलते. सासू-सुनेचं बिनसलेलं असेल तर ते पाच मिनिटांत ध्यानात येतं. तेव्हा सुनेला कागद शोधायच्या कामाला लावा.

वेळ दुपारी दोन ते चार. पेरणी, सुगी, गौरी-गणपती आणि पेन्शन काढायला बँकेत जायचा दिवस टाळा. बैठक दीड तासापेक्षा लांबवू नका. एका बाईसाठी तीन बैठका धरा: पहिली माहेर ते लग्न, दुसरी युद्धाची वर्षं, तिसरी त्यानंतरचं सगळं. एकाच दिवसात आटपायला गेलात तर तिसरा भाग राहतो, आणि खरं तर तोच सगळ्यात मोठा असतो. लढाई काही आठवड्यांची, १९७१ ची तर ३ ते १६ डिसेंबर एवढीच. तिच्या मागचे दिवस पन्नास वर्षांचे.

रेकॉर्डिंग

साधा स्मार्टफोन पुरतो. रेकॉर्डर असेल तर डब्ल्यूएव्ही म्हणजे न दाबलेली फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. एका माइकच्या तासाभराच्या ध्वनीला साधारण ५२० एमबी लागतात, स्टिरिओला दुप्पट. फोनमधली नेहमीची दाबलेली फाइल तासाला ६० एमबीच्या आसपास जाते. ऐकायला ती चालते, जपून ठेवायला कमी दर्जाची.

कॉलर माइक इथं सहसा फसतो. पदर सतत हलतो, डोक्यावर जातो, रडू आलं की तोंडाशी येतो, आणि प्रत्येक वेळी खरखर आवाज. लावायचाच असेल तर घरातल्या बाईच्या हातून, हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पदराच्या बाजूला न लावता दुसऱ्या खांद्याकडे लावून घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे घडी घातलेल्या गोधडीवर फोन ठेवणं, तिच्यापासून एक ते दीड फुटावर. गोधडीमुळे फरशीचे हादरे आणि घुमणं, दोन्ही कमी होतं. पाटावर किंवा स्टीलच्या ताटावर ठेवाल तर बांगडी टेकल्याचाही टणत्कार येईल.

पंखा, टीव्ही, कुकर, पिठाची गिरण आणि पत्र्यावरचा पाऊस हे पाच शत्रू. फोन फ्लाइट मोडवर टाका. तीस सेकंद रेकॉर्ड करून इअरफोननं ऐका, मगच सुरू करा. सुरुवातीला तारीख, गाव, उपस्थितांची नावं स्वतःच्या आवाजात बोला. व्हिडिओ पहिल्या बैठकीला नको. कॅमेरा दिसला की लुगडं बदलायला जाणं, चेहरा आवरणं सुरू होतं.

काय विचारायचं, कसं विचारायचं

‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न वहीतून खोडून टाका. त्याला एकच उत्तर येतं: ‘काय वाटणार बाई, नशीब.’ हे उत्तर खोटं नाही, पण त्यानं दार बंद होतं. त्याऐवजी जागा, वस्तू, हात आणि माणसं विचारा. तार आली तेव्हा तुम्ही कुठं होता? हातात काय काम होतं? तार कुणी आणली? इंग्रजीतली तार वाचून कुणी दाखवली? आधी कुणाला सांगितलं, तुम्हाला की मामंजींना? त्या दिवशी चूल पेटली का, कुणी पेटवली? ‘जात्यावर होते, पीठ तसंच राहिलं’ एवढं एक वाक्य आलं की पुढचं आपोआप येतं. मध्ये बोलू नका.

पैशाचं जरूर विचारा, लाजू नका. मनीऑर्डर कुणाच्या नावानं यायची? सासऱ्याच्या नावानं येत असेल तर तिच्या हातात त्यातलं किती पडायचं? पेन्शनला पहिल्यांदा बँकेत कोण घेऊन गेलं, अंगठा की सही? सही कधी शिकलात? जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लागलं का, आणि लागायला किती फेऱ्या घातल्या? कागदोपत्री झुंज ही या बायकांची खरी दीर्घ लढाई, आणि ती त्यांना तारखेनिशी आठवते.

पत्रांचं वेगळं विचारा. बाईला वाचता येत नसेल तर पत्र मास्तर किंवा दीर वाचायचा, तेही सगळ्या घरासमोर. म्हणजे नवऱ्याला काही खासगी लिहिताच यायचं नाही, आणि तिला उत्तरात काही सांगताच यायचं नाही. ‘जे सांगायचं होतं ते कसं कळवायचात?’ हा प्रश्न विचारून गप्प बसा. कुठल्या शब्दाला काय अर्थ ठरला होता, पत्रातून काय पाठवलं, हे इथं निघतं.

१९९९ च्या कारगिलपूर्वीच्या युद्धांत पार्थिव गावी येणं विरळा. तार आणि काही महिन्यांनी ट्रंक, एवढंच यायचं. म्हणून ‘अंत्यविधी कसा झाला’ असं न विचारता ‘सामान कधी आलं, त्यात काय काय होतं’ असं विचारा. ट्रंकेतल्या वस्तूंची यादी ती वर्षानुवर्षं पाठ धरून असते: दाढीचा आरसा, लोकरीचे मोजे, आपणच पाठवलेलं न उघडलेलं पत्र.

पुनर्विवाहाचा विषय तुम्ही काढू नका. तिनं काढला तर एक गोष्ट माहीत असू द्या: शौर्यपदकाचा भत्ता मिळणाऱ्या बाईनं पुन्हा लग्न केलं तर तो चालू राहायला ते लग्न दिराशीच झालेलं असावं लागे, ही अट २०१७ मध्ये निघाली. अशा नियमांमुळे काही घरांत नातं कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असतं. ते उघड करणं तुमचं काम नाही. बांगड्या-कुंकवाचंही तसंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांवरच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतर काही बायका यावर मोकळेपणानं बोलतात. बोलल्या तर ऐका.

साल जुळवणं

‘पाकिस्तानची लढाई’ म्हणजे ६५ ची की ७१ ची, हे नेहमी अडतं. साल विचारू नका, आजूबाजूच्या घटना विचारा. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते नोव्हेंबर १९६२, चीनचं युद्ध. शास्त्रींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं ते १९६५. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. साताऱ्या-पाटणकडच्या कुठल्याही आजीला ‘भूकंपाच्या आधी का मागनं?’ विचारलं की उत्तर लगेच येतं. १९७२ चा दुष्काळ म्हणजे खडी फोडायचं काम, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी. ७१ ला नवरा गेला आणि पुढच्याच वर्षी खडीवर जावं लागलं, असं सांगणारी बाई सापडली तर तो धागा सोडू नका. श्रीलंकेत आपली फौज होती ती १९८७ ते १९९०. याशिवाय थोरला किती वर्षांचा होता, धाकटी पोटात होती का, घर कौलारू होतं का, हे विचारून पीपीओवरच्या तारखेशी ताडून बघा. जुळलं नाही तर तिचं वाक्य दुरुस्त करू नका. तळाशी वेगळी टीप द्या.

रडू आलं तर

रेकॉर्डर लगेच बंद करायला धावू नका, त्यानं तिनं काही चूक केल्यासारखं होतं. पाणी द्या, थांबा, मग विचारा: ‘बंद करू का?’ ती म्हणाली तसं करा. अत्याचाराची, मारहाणीची किंवा घरातून हाकलल्याची गोष्ट आली तर तपशील उकरू नका, आणि ती बैठक तिथंच न तोडता हळूहळू आजच्या गोष्टींवर आणून संपवा: नातवंडं, म्हैस, उद्याचं काम. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन किंवा फोन करून विचारपूस करा. झोप उडाली, जेवण सुटलं असं कळलं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

ज्यांना कुणी विचारत नाही

नवरा जिवंत परतला पण पाय किंवा कंबरेखालचं शरीर गमावून, अशा माणसाची बायको कुठल्याच सत्काराच्या यादीत नसते. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. अशा घरांत चाळीस-पन्नास वर्षांची शुश्रूषा एकट्या बाईनं केलेली आढळते. तिला दिवसाचं वेळापत्रक विचारा, पहाटेपासून रात्रीपर्यंत, दर किती तासांनी कूस बदलायची इथपर्यंत. त्यात सगळं येतं.

स्वतः गणवेशात असलेल्या बायकांशी पद्धत बदला. लष्करी परिचारिका १८८८ पासून आहेत आणि १९४३ च्या वटहुकमानं त्यांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. म्हणून आधी हुद्दा विचारा आणि हुद्द्यानंच बोलवा. ‘सिस्टर’ म्हणून सुरुवात केलीत तर पहिल्याच वाक्यात तुमची तयारी कळते. त्यांना वॉर्ड, पाळ्या, एका रात्रीत आलेले जखमी, आधी कुणाला घ्यायचं हे कसं ठरायचं, ते विचारा. १९९२ पासून सैन्याच्या वैद्यकीय सोडून इतर शाखांतही बायका आल्या आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. नोकरीत असलेल्यांची आठवण मात्र आज नोंदवू नका. त्यांना नियमांचं बंधन आहे, निवृत्तीनंतर या.

हीच काळजी घरातला कुणी आजही फौजेत असेल तर. त्याची तुकडी, ठिकाण, रजेच्या तारखा रेकॉर्डिंगमध्ये आल्या असतील तर बाहेर द्यायच्या प्रतीतून काढून टाका. पीपीओ क्रमांक, बँक खातं आणि आधार झाकूनच फोटो पुढं पाठवा. पेन्शनवाल्या एकट्या बायकांना फसवणारे फोन याच माहितीवर येतात.

परवानगी

कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नका. अंगठ्यानं या बायकांचं आधीच फार नुकसान झालेलं आहे. रेकॉर्डरवर, तिच्या बोलीत विचारा आणि उत्तरही तिथंच येऊ द्या: सगळं नावासकट उघड चालेल, की नाव बदलून, की तुम्ही असेपर्यंत कपाटात? अमुक भाग कुणी ऐकायचा नाही असं आहे का? ‘घरच्यांनाही नको’ हे उत्तर येईल, त्याची तयारी ठेवा आणि ते पाळा. मुलाची परवानगी म्हणजे तिची परवानगी धरू नये.

लिहून काढणं आणि परत नेणं

तासाभराच्या बोलण्याला लिहायला सहा ते आठ तास लागतात. यंत्राकडून मजकूर काढून घेतला तरी तो ओळीओळीनं ऐकून तपासा. बोलीतले ‘व्हतं’, ‘न्हाय’, ‘मामंजी’ हे शब्द यंत्र स्वतःच्या मनानं बदलतं. तुम्हीही बदलू नका. ‘त्येंची ट्रंक आली तवा मी उसात व्हते’ याचं ‘त्यांची पेटी आली तेव्हा मी शेतात होते’ केलंत की ऊस गेला, म्हणजे हंगाम गेला, म्हणजे महिना ठरवायचा पुरावाही गेला. थांबणं चौकोनी कंसात सेकंदांसह लिहा, हसणं आणि हातवारेही. ‘एवढी पोर होती’ म्हणताना हात कुठवर गेला, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं नसेल तर नंतर आठवत नाही.

फाइलला वर्ष, महिना, दिवस, गाव आणि बैठकीचा क्रमांक असं नाव द्या. नुसतं ‘आजी नवीन’ असं नाव असलेली फाइल वर्षभरात हरवते. तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात किंवा ऑनलाइन. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका.

लिहून झालं की मोठ्या टायपात, अठरा पॉइंटात, छापून तिच्याकडे न्या. वाचता येत नसेल तर सगळं वाचून दाखवा, तिचेच शब्द तिच्याच बोलीत. दोन तास राखून ठेवा, कारण ती मध्येच थांबवते: ‘न्हाय, बैल आमचं नव्हतं, जावंच्या माहेरचं.’ ही दुरुस्ती पानाच्या कडेला तारखेसह लिहा, रेकॉर्डरही चालू ठेवा. आणि मग जी नवी गोष्ट निघेल तिच्यासाठी कोरी पानं बरोबर असू द्या.